फुगवलेली शिराज

मी वाइन बनवते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझे डोळे बघतो. लाल आहेत का, याची खात्री करायला. मग आवाज खाली आणून विचारतो, "रोज घ्यावी लागत असेल, नाही?" जणू डॉक्टरांनी मला लिहूनच दिलीय, सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर. हाच माणूस लग्नाच्या हॉलवर अर्ध्या तासाने मला पार्किंगमध्ये गाठतो आणि विचारतो, "आपल्याला काही सवलतीत मिळेल का?" संस्कृतीची काळजी पार्किंगपर्यंतच असते, हे मी एवढ्या वर्षांत शिकले.

वाइनमेकर हे भारदस्त नाव या धंद्याला ज्याने ठेवलं त्याला एकदा भेटायचंय मला. धंदा सगळा धुण्याचा आहे हो! टाकी धुवा, पंप धुवा, पाइप धुवा, फरशी धुवा, आणि ज्या गटारातून हे सगळं पाणी गेलं ते गटारही धुवा. मम्मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. "शिकली नाहीस तर लोकांची भांडी घासशील," हे वाक्य तिने मला बालवाडीपासून ऐकवलं. म्हणून मी शिकले. मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. केलं, पहिल्या वर्गात. आणि आता दहा-दहा हजार लिटरची भांडी घासते, ती पण आत उतरून.

आमची वायनरी नाशिकपासून दिंडोरीच्या बाजूला आहे. मालक मूळचे बिल्डर. फ्लॅट विकून कंटाळा आला म्हणून त्यांनी टेकडीवर वायनरी बांधली, आणि ती बांधली अशी की आधी रेस्टॉरंट झालं, मग फोटो काढायचा झोका झाला, मग स्विमिंग पूल झाला, आणि उरलेल्या जागेत वाइन बनवायची सोय झाली. शनिवार-रविवारी मुंबईची मंडळी येतात. ग्लास गोल फिरवतात, नाक आत खुपसतात आणि म्हणतात, "ब्लॅककरंट!" जन्मात ब्लॅककरंट बघितलेलं नसतं कोणी. मला विचाराल तर त्या वाइनला करवंदाचा वास येतो, हरसूलच्या बाजारात पानाच्या द्रोणात मिळतात त्या करवंदांचा. पण करवंद म्हटलं की बाटली विकली जात नाही.

तिथे मी नऊ वर्षं लॅबमध्ये होते. वाइन मी करायचे, आणि दर जानेवारीत दहा दिवसांसाठी एक परदेशी सल्लागार यायचे, ते चाखून "इंटरेस्टिंग" म्हणायचे. लेबलवर त्यांची सही. नववं वर्ष संपता संपता मालकांचा भाचा फ्रान्सहून सहा महिन्यांचा डिप्लोमा आणि एक हॅट घेऊन परत आला. डिप्लोमा कोणी पाहिला नाही, हॅट मात्र आम्ही रोज पाहायचो. सल्लागारांचा करार संपत होता आणि वाइनमेकरची खुर्ची रिकामी होणार होती. मी सरळ मालकांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, "सर, ती जागा माझी आहे."

मालक बिल्डर असले तरी माणूस वाईट नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मॅडम, असं करू. या सीझनला एक टाकी पूर्ण तुमची. द्राक्षं तुम्ही आणा, वाइन तुम्ही करा, कोणी मध्ये बोलणार नाही. फर्स्ट क्लास झाली तर जूनपासून वाइनमेकर तुम्ही. नाही झाली तर भाचा आहेच घरचा."

द्राक्षं कुठली आणायची हे माझं आधीच ठरलं होतं. माझ्या पप्पांच्या बागेतली.

पप्पा ओझरच्या विमान कारखान्यात बत्तीस वर्षं क्वालिटीला होते. विमानाचे सुटे भाग तपासायचे आणि केसभर फरक असला तरी परत पाठवायचे. ही सवय घरी पण चालू. जेवायला बसले की चपाती उचलून उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "एका बाजूला जाड आहे." मम्मी म्हणायची, "खायचीय का उडवायचीय?" पण चपाती ते निमूट खायचे. रिटायर झाल्यावर सगळे सहकारी शिर्डीला जाऊन आले. पप्पांनी दिंडोरी तालुक्यात दोन एकर जमीन घेतली.

ही दोन एकर साधी गोष्ट नव्हती. माझे आजोबा त्याच गावात दुसऱ्यांच्या बागेत घड खुडायला जायचे. आमच्या घराण्यात सातबाऱ्यावर नाव लागलेले पप्पा पहिलेच. आजूबाजूला सगळे तीन-तीन पिढ्यांचे बागाईतदार, त्यांच्यात हा कारखान्यातला माणूस, शर्ट इन करून, खिशात पेन लावून द्राक्षं लावायला आलेला. तोंडावर त्याला सगळे "साहेब" म्हणायचे. पाठीमागे "जयभीमवाले साहेब" म्हणायचे. पप्पांना दोन्ही ठाऊक होतं, आणि ते दोन्हीला हसून ओ द्यायचे.

माझ्या सांगण्यावरून त्यांनी शिराज लावली. शिराज म्हणजे रेड वाइनचं द्राक्ष. मणी बारीक, काळा, सालीला जाड, आत बी. दिसायला अगदी कसंनुसं. पण वाइनला तेच लागतं, कारण रंग आणि चव सगळी सालीत असते. मणी जितका बारीक तितकी साल जास्त आणि पाणी कमी. हे मला माहीत होतं. बांधाला लागून ज्यांची बाग होती त्या नानांना हे माहीत नव्हतं. नानांची खाण्याची द्राक्षं, एकेक मणी गोटीएवढा, थेट परदेशात जाणारा. ते रोज सकाळी बांधावर उभे राहून आमच्या बागेकडे बघायचे आणि म्हणायचे, "साहेब, घडान्ला काय खायला देता का नाय? लय उपाशी दिसत्यात बिचारे!"

पहिल्यांदा पप्पा हसले. दहाव्यांदा त्यांना झोप लागेना. हे मला नंतर मम्मीने सांगितलं.

त्या वर्षी ऑक्टोबरच्या छाटणीला मी पप्पांच्या हातात एक छापील कागद दिला. बावीस मुद्दे. पाणी कधी, किती, पानं किती ठेवायची, घड किती ठेवायचे, सगळं. पप्पांनी तो प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये घातला आणि शेडमध्ये खिळ्याला लटकवला. आता माझी अक्कल बघा. काय करायचं ते सगळं मी लिहिलं. काय करायचं नाही, ते लिहिलंच नाही. कारण जे करायचं नाही ते जगात कोणी करतच नाही. फ्रान्समध्ये कोणी करत नाही, ऑस्ट्रेलियात कोणी करत नाही. पण बाग नाशिक जिल्ह्यात आहे, हे मी विसरले.

नाशिकला द्राक्षबाग म्हटली की मणी फुगवायचा. ही आमच्याकडची परंपराच समजा. मणी ज्वारीएवढा झाला की जीए नावाच्या औषधाचं पाणी मगात घ्यायचं आणि प्रत्येक घड त्या मगात बुडवायचा. एकेक घड, हाताने, हजारोंनी. याला डिपिंग म्हणतात. खाण्याच्या द्राक्षाला ते पाहिजेच, नाही तर बाजारात कोणी विचारणार नाही. वाइनच्या द्राक्षाला ते करणं म्हणजे कढीत बादलीभर पाणी ओतून घरच्यांना सांगणं, की बघा, कढी वाढली.

पप्पांनी ते केलं. एकदा नव्हे, दोनदा. वर भरपूर पाणी सोडलं. पोरीच्या नशिबाची टाकी आहे, तिथे उपाशी माल कसा पाठवायचा! दोन एकरांतले सगळे घड त्यांनी आणि मम्मीने, दोघांनी मिळून बुडवले. मजूर लावले नाहीत, कारण मजूर नीट बुडवत नाहीत असा क्वालिटीवाल्यांचा आक्षेप. मम्मीचे गुडघे त्या दिवसांत धरले ते अजून सुटलेले नाहीत. आणि मला फोनवर काय सांगायचे? "तू येऊ नकोस मध्ये. एकदम तयार झाल्यावर बघ." मी पण गेले नाही. वायनरीत बाटल्या भरायचं काम चालू होतं, आणि आई-बापाच्या बागेत काय बिघडणार आहे, असं मला वाटलं.

जानेवारीच्या शेवटी मी साखर मोजायला बागेत गेले आणि जागच्या जागी थिजले. शिराजचे मणी बोराएवढे झाले होते! टपोरे, चकचकीत, घड अगदी कॅलेंडरवर छापावेत असे. मी एक मणी तोंडात टाकला. पाणी. दुसरा टाकला. गोड पाणी. साल पातळ, रंग बोटाला सुद्धा लागेना. साखर मोजली तर पाहिजे त्याच्या किती तरी खाली. टाकी गेली, खुर्ची गेली, नऊ वर्षं पाण्यात. खरोखरच पाण्यात.

पप्पा समोर उभे होते. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते त्या दिवशी बागेत. हातात एक घड घेऊन तो त्यांनी मला उजेडात धरून दाखवला, चपाती धरायचे तसाच. "एक्स्पोर्ट क्वालिटी," ते म्हणाले. "नानाची बोलती बंद झाली. काल स्वतः येऊन विचारत होता, साहेब, औषध किती पीपीएम दिलं?"

मला त्या क्षणी ओरडायचं होतं. पप्पा, काय केलंत हे! कोणी सांगितलं होतं? जिभेवर सगळं आलं होतं. पण त्यांचा चेहरा बघितला, आणि मागे मम्मी गुडघ्यावर हात ठेवून उभी होती, तीही माझ्याकडेच बघत होती.

"छान," मी म्हणाले.

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात महाग पडलेलं शब्दरत्न ते.

आता पुढे काय? या द्राक्षांची रेड केली असती तर ती औषधाच्या दुकानातल्या खोकल्याच्या सिरपसारखी, फक्त त्याहून पातळ झाली असती. तीन दिवस मी डोकं धरून बसले. मग म्हटलं, जे आहे ते आहे, रंग नाही तर नाही. सालीसकट आंबवायच्या ऐवजी मी द्राक्षं आल्या आल्या दाबली आणि रस वेगळा काढला. टाकीत थंड ठेवून हळूहळू आंबवला. रेड होणार नव्हती, तर गुलाबी झाली. रोझे. मालकांना जाऊन सांगितलं, "सर, मी मुद्दाम रोझे करतेय. सध्या मागणी तिलाच आहे." भाच्याने हॅट काढून डोकं खाजवलं. मनात म्हटलं, एक थाप बापाला, एक मालकाला, आता देवाला तेवढी मारायची राहिली. आणि आमच्यात तर देव पण नाही.

आणि विनोद बघा! वाइन चांगली झाली. म्हणजे थोर वगैरे नाही. थंड करून प्यायची, पिऊन विसरायची, अशी. पण मुंबईहून लग्नाआधीची पार्टी करायला पोरींचे घोळके येतात, त्यांच्या कपड्यांना तो रंग मॅच झाला. झोक्यावर बसून, ग्लास उन्हात धरून त्यांनी इतके फोटो काढले की मेच्या अखेरीस टाकी रिकामी. मालक खूश. जूनमध्ये मी वाइनमेकर झाले. नऊ वर्षं प्रामाणिकपणे केलेल्या रेडने जे दिलं नाही ते एका अपघाताच्या गुलाबी वाइनने दिलं. मी पण काही तक्रार केली नाही. कोण करतं?

एक बाटली मी घरी नेली. पप्पा घेत नाहीत, मम्मीचा तर प्रश्नच नाही. "हल्ली पंचशील म्हणताना पाचवं, ते दारू न पिण्याचं शील मी जरा हळू म्हणते," असं ती मैत्रिणींना सांगते, पण पोरीचा पगार विचारला की आवाज मोठा होतो. पप्पांनी बाटली हातात घेतली आणि सवयीने उजेडात धरली.

"रंग फिका नाही का?" त्यांनी विचारलं.

"तशीच फॅशन आहे, पप्पा."

त्यांनी अजून क्षणभर बघितलं. बत्तीस वर्षं ज्यांना केसभर फरक दिसायचा त्यांना दिसला नसेल असं मी आज म्हणणार नाही. पण पोरगी म्हणतेय म्हटल्यावर त्यांनी माल पास केला. बाटली शोकेसमध्ये गेली, कारखान्याने दिलेलं घड्याळ आणि मम्मीची आदर्श शिक्षिकेची ट्रॉफी यांच्या मधोमध.

त्यानंतर पप्पा जे सुटले! गावात, कॉलनीत, बँकेत, विहारात, दाढी करायला गेले तर तिथेही. "माझ्या शिराजवर पोरगी वाइनमेकर झाली." ज्याला शिराज म्हणजे काय ठाऊक नाही त्यालाही मण्याचा आकार बोटांनी करून दाखवायचे. मी ऐकायचे आणि दुसरीकडे बघायचे. म्हटलं, दोन एकरांचा तर प्रश्न आहे. पुढच्या छाटणीला हळूच सांगू.

पुढच्या छाटणीला मी हळूच सांगितलं. इतकं हळू की त्यांना कळलंच नाही. "पप्पा, या वर्षी मणी जरा बारीकच राहू द्या. मालकांना रेड करायचीय." पप्पा म्हणाले, "अगं, चालती गाडी कोण थांबवतं? मालकाला काय कळतं? बिल्डर आहे तो." मी विषय सोडला. मनात म्हटलं, यांचे घड परत रोझेला घेऊ, संपलं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हे मला आता चांगलं जमायला लागलं होतं.

पण त्या वर्षी माझ्याकडे फक्त पप्पांची दोन एकर नव्हती. आमच्या रोझेचं नाव ऐकून त्या शिवारातल्या बऱ्याच जणांनी वायनरीशी करार केले होते. मागे वाइनची हवा होती तेव्हा लावलेल्या आणि नंतर पडून राहिलेल्या जुन्या शिराजच्या बागा, तीस-पस्तीस शेतकरी, आणि त्या सगळ्यांचा माल मालकांना रेडसाठी पाहिजे होता. माझा वाइनमेकर म्हणून पहिला खरा सीझन. रेड बिघडली असती तर माझ्या खुर्चीवर बसायला भाचा तयारच होता.

नोव्हेंबरच्या अखेरीस नानांचा फोन आला. "मॅडम, आमच्या बागेत चर्चासत्र ठिवलंय. तुमी प्रमुख पाव्हण्या." चर्चासत्र ही आमच्याकडची मोठी चीज आहे. कोणाच्या तरी बागेत मांडव टाकायचा, बॅनर लावायचा, तज्ज्ञाला बोलवायचं, आणि तज्ज्ञ बोलायला लागला की प्रत्येकाने शेजाऱ्याला सांगायचं, हे मला आधीच ठाऊक होतं. शेवटी मिसळ. मी विचारलं, "मार्गदर्शक कोण आहेत?"

"आता काय सांगायचं तुमाला," नाना म्हणाले. "आपले साहेब!"

मी गाडी काढून गेले. मांडवात शंभरेक माणसं. बॅनरवर पप्पांचा फोटो, इस्त्रीच्या शर्टातला, खाली "शिराज द्राक्षाची फुगवण: अनुभवी मार्गदर्शन". स्टेजवर नानांच्या शेजारी खुर्ची, आणि त्या खुर्चीत पप्पा. ज्या गावात माझे आजोबा मांडवाच्या बाहेर उकिडवे बसायचे तिथे पप्पा स्टेजवर बसले होते, आणि त्यांच्यासाठी माइक आणला होता. मम्मी पहिल्या रांगेत, नवी पैठणी नेसून. मांडवाच्या कडेला टेबल होतं, त्यावर औषधाच्या पाण्याने भरलेले मग ओळीने मांडलेले. भाषण झालं की सगळ्यांनी एकेक घड बुडवून बघायचा आणि दुसऱ्या दिवसापासून आपापल्या बागेत सुरू व्हायचं, असं ठरलं होतं. मण्यांचा आकार नेमका तेवढा झाला होता.

"सर्वांना जयभीम, रामराम," पप्पांनी सुरुवात केली, आणि काय सांगू तुम्हाला, ते सुंदर बोलले. एकेक गोष्ट मोजून, मापून. पाणी किती, औषध किती, घड मगात किती बुडवायचा, किती हलवायचा. कागद नाही, काही नाही. लोक वह्यांमध्ये लिहून घेत होते. नाना स्वतः लिहून घेत होते! "माझी मुलगी वाइनमेकर आहे," पप्पा शेवटी म्हणाले, "पण शिराज कशी फुगवायची ते तिला मी शिकवलं." टाळ्या कडकडल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लोकांना वाटलं आनंदाने.

मग नानांनी माइक माझ्याकडे दिला. "मॅडम, दोन शब्द."

मी उभी राहिले. समोर वह्या, कडेला मग. मी गोलगोल बोलू शकले असते. "छान मार्गदर्शन झालं" म्हणून बसू शकले असते, आणि रात्री एकेकाला फोन करून सांगू शकले असते. पस्तीस जणांना? आणि त्यातल्या पहिल्याने पप्पांना फोन केला असता की, साहेब, पोरगी पाठीमागून वेगळंच सांगतेय. उद्या सकाळी सगळी शिराज मगात बुडणार होती. त्या लोकांचं वर्ष जाणार होतं आणि माझं पण.

"पप्पांनी सांगितलेलं," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, "वाइनच्या द्राक्षाला करायचं नसतं. गेल्या वर्षी त्यांच्या मालाची रेड झालीच नसती. पाणी होतं सगळं. म्हणून मी रोझे केली. मला रोझे करायची नव्हती. कृपा करून कोणी घड बुडवू नका."

मागून कोणीतरी हसलं, आणि त्याच्या शेजारच्याने त्याला गप्प केलं. मी पप्पांकडे बघितलं नाही. मम्मीकडे बघितलं, तर ती मान खाली घालून पैठणीचा काठ सारखा करत होती.

पप्पा उठले. माझ्याकडे हात केला, मी माइक दिला.

"मॅडम बोलल्या ते बरोबर आहे," ते म्हणाले. त्यांनी मला मॅडम म्हटलं. "चूक माझी आहे. ज्यांनी लिहून घेतलं त्यांनी खोडून टाका. ते सगळे मग ओतून द्या." आणि स्वतः स्टेजवरून खाली उतरले, टेबलापाशी गेले आणि पहिला मग त्यांनी मातीत ओतला. मग दुसरा. नाना धावत गेले, "ऱ्हाऊ द्या, साहेब, आमी करतो." पप्पा थांबले नाहीत. ओळीतले सगळे मग त्यांनी ओतले, आणि रिकामे मग एकात एक घालून टेबलावर नीट ठेवले.

पण सत्कार रद्द करायची पद्धत महाराष्ट्रात नाही. शाल आणली होती, नारळ आणला होता, फोटोग्राफर आला होता. मग काय, मार्गदर्शकांचा सत्कार झाला. नानांनी शाल घातली, पप्पांनी नारळ घेतला, फोटो काढला. मिसळ खाल्ली लोकांनी, चांगली पोटभर. माझ्याशी तिघा-चौघांनी येऊन व्यवस्थित चर्चा केली, पाण्याचं विचारलं, साखरेचं विचारलं. एक जण म्हणाला, "बरं झालं मॅडम, टायमावर बोल्ल्या. लय वाचलो." त्या वर्षीची रेड खरोखर चांगली झाली, हेही सांगून टाकते. खुर्ची अजून माझीच आहे.

मम्मी नानांच्या घरी बायकांत थांबली. मी पप्पांना घेऊन निघाले. ते शेजारच्या सीटवर, मांडीवर नारळ, शाल अजून खांद्यावर. काढायची त्यांना आठवण राहिली नव्हती. दिंडोरी मागे पडल्यावर मी बोलले. "पप्पा, मला तुम्हाला दुखवायचं नव्हतं. म्हणून तेव्हा छान म्हणाले. मम्मीचे गुडघे, तुमचा तो शर्ट, मला नाहीच बोलता आलं. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं," ते म्हणाले.

पुढे ट्रॅक्टर होता, द्राक्षाच्या रिकाम्या क्रेटनी भरलेला. मी त्याच्यामागे हळूहळू चालवत राहिले. ओव्हरटेक करायचं भानच राहिलं नाही.

"पण तेव्हा बागेत आपण तिघंच होतो," पप्पा म्हणाले. "तेव्हा सांगितलं असतंस, तर तिघांतच राहिलं असतं."